बल्बाविना ऊब

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोंबडीच्या पिल्लाचे वजन जेमतेम 30 ते 40 ग्रॅम भरते. अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. शरीराचे तापमान स्वतः राखण्याची ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ऊब बाहेरून मिळावी लागते, नाहीतर पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी, असे कुक्कुटपालनाचे गणित आहे. त्याचा उपायही ठरलेला: दर पिल्लामागे 2 वॅट. पन्नास पिल्ले असतील तर 100 वॅटचा बल्ब टांगा आणि निर्धास्त झोपा.

हे गणित तिसगावात मांडले की निर्धास्त झोप काही लागत नाही. नगरहून करंजी घाट उतरून पाथर्डीकडे जाताना हमरस्त्यावर हे बाजाराचे गाव लागते. तालुका अवर्षणप्रवण, हवा कोरडी. अशा हवेत दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने गार होते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, म्हणजे दुपारी ऊन सोसत नाही आणि पहाटे हात आखडतात. शेतीच्या वाहिनीवरची थ्री-फेज वीज पाळीपाळीने आठेक तास. वस्तीवर सिंगल फेज असली तरी डीपी जळाली की ती कधी परत येईल याचा नेम नसतो. मोठ्या कोंबडीचे अशा रात्री काही बिघडत नाही. चार दिवसांच्या पिल्लांना मात्र दोन तासांचा अंधार महागात पडतो.

त्यात बल्बच बदलला. केंद्र सरकारच्या उजाला योजनेतून जानेवारी 2015 पासून एलईडी दिवे घरोघर गेले आणि पिवळे बल्ब दुकानांतून कमी होत गेले. विजेच्या बिलासाठी ते चांगलेच झाले. पण पिवळ्या बल्बाचा दोष हाच पिल्लांचा फायदा होता: त्याला मिळणाऱ्या विजेचा पाच-दहा टक्केच भाग उजेड व्हायचा, बाकी सगळी उष्णता. 9 वॅटचा एलईडी टांगून पिल्लांना उजेड मिळतो, ऊब नाही. उरला तो 250 वॅटचा लाल इन्फ्रारेड दिवा. तो चोवीस तास चालवला तर दिवसाला 6 युनिट, चार आठवड्यांना 168 युनिट. वायर सुटून तो भाताच्या तुसावर पडला तर आग लागते. शिवाय रात्रंदिवस उजेड असल्यामुळे पिल्लांची झोप होत नाही, ती चिडचिडी होतात आणि एकमेकांना टोचू लागतात. अंधारात झोपावे आणि उबेला असावे, ही पिल्लाची खरी गरज. दिवा त्यातले एकच देतो.

दोन्ही एकदम देणारे जुने यंत्र म्हणजे खुडूक कोंबडी. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. जागा सोडत नाही, हात लावला की पिसे फुलवून गुरगुरते, खाण्यापुरतीच उठते. तिच्या छाती-पोटाची पिसे विरळ होतात आणि उघड्या, तापलेल्या कातडीचा थेट स्पर्श आधी अंड्यांना, मग पिल्लांना होतो. कोंबडीच्या अंगाचे तापमान 41 अंशांच्या आसपास असते. 21 दिवसांनी पिल्ले निघाली की तिचे खरे काम सुरू होते. पिल्ले बाहेर पडतात, दाणे टिपतात, गारठली की पंखाखाली शिरतात आणि तापली की पुन्हा बाहेर येतात. कोणाला किती ऊब हवी ते ज्याचे त्याने ठरवायचे. थर्मोस्टॅट लावलेल्या कोणत्याही ब्रूडरला हे इतके नेमके जमलेले नाही.

पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. कित्येक बिऱ्हाडांबरोबर दोन-चार कोंबड्याही जातात. उसाच्या फडाजवळच्या कोपीत ना बल्ब ना बटण. तिथे डालग्याखालची कोंबडीच हिवाळा काढते आणि पिल्लेही वाढवते.

मग अडचण कुठे आली? अंड्यांच्या हिशेबात. खुडूक झालेली कोंबडी अंडी देत नाही. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंड्यांवर थांबते याचे एक मोठे कारण हेच. म्हणूनच तिला खुडूक राहू न देण्याचे उपाय गावोगाव आहेत: पाण्यात बुडवणे, नाकात पीस घालणे. संशोधकांनी तेच काम निवडीने केले. पिढ्यानपिढ्या जास्त अंड्यांच्या कोंबड्या निवडल्या आणि बसण्याची सवय मोडत नेली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा असो की बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, परसातली ही सुधारित कोंबडी अंडी भरपूर देते, पण त्यांवर बसत नाही. पिल्ले उबवणी केंद्रातून आणायची आणि आई मात्र सोबत येत नाही.

ही पिल्ले येतात ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून. शंभर पिल्लांच्या खोक्याला आत चार कप्पे असतात, प्रत्येकात पंचविसेक पिल्ले. जन्मताना पोटात ओढून घेतलेला अंड्याचा बलक त्यांना दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून हा प्रवास दाण्यापाण्याविना होतो. ऊब मात्र ती एकमेकांना देतात. कप्पे यासाठीच, की गर्दी उबेपुरती व्हावी आणि चेंगराचेंगरी होऊ नये. बल्बाविना ऊब कशी राखायची याचा पहिला धडा या खोक्यातच आहे. पिल्लू उष्णता तयार करते, फक्त त्याला ती धरून ठेवता येत नाही. धरून ठेवण्याचे काम आपण केले की बाहेरून द्यावी लागणारी उष्णता निम्म्याहून कमी होते.

युरोपात हे फार पूर्वी कोणाच्या तरी ध्यानात आले होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी 1749 मध्ये कोंबडीविना पिल्ले उबवण्या-वाढवण्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या ‘कृत्रिम आई’ला आतून मेंढीचे लोकरीसकट कातडे लावलेले होते आणि खालची ऊब लिदीच्या आंबणाऱ्या ढिगाची होती. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिनदिव्याच्या पेट्यांचा बोलबाला झाला. 1940 च्या दशकात ओहायोच्या कृषी प्रयोग केंद्राने वरून भुशाचा थर दिलेली बुटकी पेटी पुढे आणली, त्यात मोजकेच दिवे पुरत. इथिओपिया आणि केनियात आजही छोट्या शेतकऱ्यांसाठी गवत भरलेली बिनविजेची पेटी सुचवली जाते.

ही पेटी तिसगावच्या कोणत्याही वस्तीवर घरच्या सामानातून होते. फळांचे लाकडी खोके किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन खोके, एकात एक बसणारे. मधल्या चार बोटांच्या जागेत बाजरीचे बारीक केलेले सरमाड, भुसा किंवा वाळले गवत दाबून भरायचे. तळाला भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर, त्यावर पहिले काही दिवस वर्तमानपत्र. दोन फूट लांब-रुंद जागा पंचवीस-तीस पिल्लांना पुरते. छत बुटके हवे आणि त्यातून जुन्या घोंगडीचे किंवा गोधडीचे पट्टे पिल्लांच्या पाठीला टेकतील इतके खाली सोडायचे. लोकर हवा धरून ठेवते आणि पाठीवरचा स्पर्श कोंबडीच्या पंखासारखा वाटतो, म्हणून पिल्ले आपण होऊन आत शिरतात. वरच्या बाजूला चार-सहा भोके ठेवायलाच हवीत. पिल्लांच्या श्वासाची वाफ आत कोंडली तर तूस ओले होते आणि ओल्या तुसातून रक्ती हगवण येते. दिवसा पिल्ले समोरच्या जाळीच्या अंगणात, रात्री पेटीत.

पहिला आठवडा आणि कडाक्याच्या रात्री एवढ्याने भागत नाही. तिथे गरम पाणी उपयोगी पडते. पाच लिटरच्या जाड कॅनमध्ये 60 अंशांचे पाणी भरले, तर ते 40 अंशांवर येईपर्यंत साधारण 115 वॅट-तास उष्णता देते. 100 वॅटचा बल्ब तासाभराहून थोडा जास्त जळाल्याइतकी. कॅनला गोणपाट गुंडाळले की ही उष्णता पाच-सहा तासांत सावकाश सुटते, म्हणजे सरासरी वीस वॅट. दोन कॅन ठेवले तर चाळीस. उघड्यावरच्या पंचवीस पिल्लांना पुस्तकी हिशेबाने पन्नास वॅट लागतात, बंदिस्त पेटीत त्याहून पुष्कळ कमी. रात्री झोपताना एकदा आणि पहाटे बंब पेटतो तेव्हा एकदा पाणी बदलायचे. विकतच्या पाण्याच्या पातळ बाटल्या यासाठी नकोत, उकळते पाणी पडले की त्या आकसतात. आणि कॅन कुशीला उभा ठेवावा, पिल्लांना त्यापासून दूर सरकायला जागा हवी.

शंभराहून जास्त पिल्ले असली की लोक शेगडीकडे वळतात. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठोकून भरायचा, बाटली अलगद काढायची आणि राहिलेल्या पोकळीत खालून पेटवायचे. असा डबा कित्येक तास धुमसत राहतो. हजार पिल्लांच्या शेडमध्ये हेच काम धुराडे लावलेली लोखंडी बुखारी किंवा गॅस ब्रूडर करतो. शेगडी स्वस्त आहे, पण सगळ्यांत धोक्याचीही तीच. कोळसा आणि भुसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. गारठा नको म्हणून पडदे घट्ट लावलेल्या शेडमध्ये पिल्ले आणि राखणदार दोघांच्याही जिवावर बेतू शकते. धुराडे बाहेर काढल्याशिवाय आणि वरचा झरोका उघडा ठेवल्याशिवाय शेगडी आत नेऊ नये, आणि त्या शेडमध्ये माणसाने झोपू नये.

वीज असेल आणि खर्चाची तयारी असेल तर उबेची पाटी हा नवा पर्याय आहे. चार पायांवर उभी सपाट पाटी खालून कोमट राहते, पिल्ले तिला पाठ लावून बसतात. उजेड नाही, आगीची भीती नगण्य. पंधरा-वीस पिल्लांच्या पाटीला वीसेक वॅट पुरतात, दिवसाला अर्धा युनिट. एवढी वीज बॅटरीवरही निघते. पिल्ले वाढतील तसे पाय उंच करत जायचे.

घरात खुडूक कोंबडी असेल तर विकतची पिल्ले तिच्याच हवाली करता येतात. ती निदान आठ-दहा दिवस बसलेली हवी आणि पिल्ले एक-दोन दिवसांचीच हवीत. रात्री अंधारात अंडी काढून पिल्ले पोटाखाली सरकवायची. सकाळपर्यंत बहुतेक कोंबड्या ती आपली मानतात. एकीच्या पंखाखाली बारा-पंधरापेक्षा जास्त घालू नयेत. आधी तिच्या अंगावरच्या उवा काढाव्यात, राखेत लोळू द्यावे. आजारी कोंबडीपासून पिल्लांना रोग लागतो, म्हणून राणीखेतची लस चुकवू नये. मुंगूस, मांजर आणि घार यांच्यापासून राखण कोंबडीच्या एकटीच्या बळावर होत नाही, रात्री डालगे किंवा खुराडे लागतेच.

पर्याय कोणताही घ्या, शेवटचा निकाल पिल्ले देतात. सगळीकडे पसरून, मान टाकून झोपली असतील तर ऊब बरोबर आहे. एकमेकांवर चढून चिरका आवाज करत असतील तर गारठा आहे. चोच उघडी ठेवून, पंख सोडून कडेला पळत असतील तर उकाडा झाला. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे.

सरकारी योजनांत काही वेळा पिल्ले आधी मदर युनिटमध्ये चार आठवडे वाढवून मगच वाटली जातात, त्याचे कारण हेच चार आठवडे. ज्याला पंचवीस-पन्नास पिल्लेच पाळायची आहेत, त्याला हा काळ घरी निभावणे अवघड नाही. ऊब विकत घेण्यापेक्षा असलेली राखणे स्वस्त पडते, आणि डीपी जळाल्याच्या रात्री तेवढेच हाताशी असते. या हिवाळ्यात पिल्ले आणणार असाल तर पेटी आधी तयार करा. त्यात गरम पाण्याचा कॅन आणि साधा थर्मामीटर ठेवून एक रात्र काढा. पहाटे चार वाजता उठून पारा बघा. पेटी रिकामी असतानाही तो तीसच्या आसपास टिकला असेल, तरच पिल्लांची मागणी नोंदवा.