टपाल कचेरीत बसलेला मालक

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) युनियनच्या फौजेत सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांच्या शौर्यावर पुष्कळ लिहिले गेले. हा सैनिक घरी पत्र कसे धाडत होता, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तिकिटाला पैसे नसले तर पाकिटावर 'सैनिकाचे पत्र' असे लिहून अधिकाऱ्याची सही घ्यायची, टपालखर्च घेणाऱ्याने भरायचा, अशी सोय होती. पण ज्याची बायकापोरे अजून दुसऱ्याची मालमत्ता आहेत त्याने पत्ता कोणाचा घालायचा? मालकाचाच!

मिसुरी हे गुलामीचे राज्य. पण ते युनियनमध्येच राहिले. म्हणून १ जानेवारी १८६३ चा लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा तेथे लागूच नव्हता. कायद्याची अशी फट कोणाच्या कामी येते हे आम्हा वकिलांना सांगायला नको. फौजेत गेलेला नवरा मुक्त. त्याचा सूड मागे राहिलेल्या बायकोवर. मार्था ग्लोव्हर हिने डिसेंबर १८६३ मध्ये नवऱ्याला हेच कळवले होते : तुम्ही गेलात म्हणून मला मारतात, मूल तुमच्यासाठी रडते.

याच मिसुरीतल्या ग्लासगो गावचा स्पॉट्सवूड राइस तंबाखूच्या कामावरचा गुलाम. मालकाच्या पोराने त्याला वाचायला शिकवले आणि याने मुक्तीचा जाहीरनामा इतर गुलामांना वाचून दाखवला! मालक संतापला. १८६४ साली राइस फौजेत गेला. त्या सप्टेंबरात सेंट लुईसच्या लष्करी इस्पितळातून त्याने दोन पत्रे लिहिली. एक मुलींना : जीव गेला तरी बेहत्तर, तुम्हाला सोडवणारच. स्वतःच्या पोरीसाठी मी एकदा ४० डॉलर देऊ केले होते, त्यांनी ते घेतले नाहीत हे बरेच झाले. (कृष्णवर्णीय सैनिकाच्या हाती जून १८६४ पर्यंत महिना ७ डॉलर पडत, गोऱ्याला १३.) दुसरे पत्र थेट मेरीची मालकीण किटी डिग्ज हिला. तिने त्याच्यावर मूल चोरू पाहिल्याचा आळ घेतला होता. राइसने ठणकावले, मेरी माझी मुलगी आहे, तो माझा ईश्वरदत्त हक्क आहे. मालमत्तेच्या कायद्याला बापाने दिलेले इतके नेमके उत्तर आम्ही क्वचितच वाचले.

ग्लासगोचा पोस्टमास्तर कोण? किटीचाच भाऊ! त्याने दोन्ही पत्रे जनरल रोझक्रान्सकडे पाठवली, आपल्या घराण्याच्या राजनिष्ठेची ग्वाही दिली आणि या माणसाला राज्याबाहेर धाडा अशी मागणी केली.

११ जानेवारी १८६५ रोजी मिसुरीने गुलामी रद्द केली. ३ मार्चला काँग्रेसने कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त करणारा कायदा केला. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ज्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, त्यांत राइससारख्यांचीही गणना व्हावी असे आम्हाला वाटते.

पोस्टमास्तरने तक्रारीला जोडलेली ती पत्रे सरकारी दप्तरात गेली, म्हणूनच आज वाचायला मिळतात. १९३७ साली ऐंशी उलटलेल्या मेरीने सेंट लुईसमध्ये मुलाखत दिली, तेव्हा वाचायला शिकलेल्या बापाची हकीकत तिने स्वतः सांगितली.