दोन लिटर, दोन टर्बो, दोन स्वभाव

जर्मनीची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि स्वीडनची साब ९९ टर्बो. एकीचं इंजिन १९९० सीसीचं, दुसरीचं १९८५ सीसीचं. कागदावर या सख्ख्या बहिणी वाटतात. संग्रहासाठी यांतली एक निवडायची, तर आधी काही समजुती तपासायला हव्यात.

गैरसमज : प्रवासी मोटारीत टर्बो सर्वप्रथम साबने बसवला.
वस्तुस्थिती : तो मान अमेरिकेचा. ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या टर्बो गाड्या १९६२ मध्येच आल्या होत्या. युरोपात १९७३ साली २००२ टर्बो आली, साब १९७७ साली. टर्बोला रोजच्या वापरात आणलं, हे साबचं खरं श्रेय.

गैरसमज : अश्वशक्ती जास्त, म्हणजे टर्बो सरस.
वस्तुस्थिती : बीएमडब्ल्यूची १७० अश्वशक्ती, साबची १४५. पण टर्बोचा दाब किती, याइतकंच तो केव्हा येतो हेही महत्त्वाचं. २००२ टर्बो इंजिनाचे फेरे बरेच वाढेपर्यंत शांत असते, मग एकदम झेपावते. साबचा लहान टर्बो कमी फेऱ्यांतच जागा होतो आणि दाब मर्यादेपलीकडे जाऊ लागला की वेस्टगेटची झडप जादा वायू बाजूने सोडून देते. त्यामुळे घाटात किंवा पुढची गाडी ओलांडताना हवा तेव्हा जोर मिळतो. १९७९ची स्वीडिश रॅली स्टिग ब्लोमक्विस्टने हीच गाडी घेऊन जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतला टर्बो गाडीचा तो पहिला विजय.

गैरसमज : २००२ टर्बो सदोष होती, म्हणून लवकर बंद झाली.
वस्तुस्थिती : ती आली आणि काही आठवड्यांतच तेलसंकट कोसळलं. पश्चिम जर्मनीत रविवारी गाडी चालवायलाही बंदी आली. अशा दिवसांत पेट्रोल पिणारी गाडी घेणार कोण? जेमतेम १६७२ गाड्या बनल्या.

गैरसमज : संख्येने कमी तीच नेहमी चांगली खरेदी.
वस्तुस्थिती : साब दहा हजारांहून अधिक बनल्या, पण कितीतरी गंजून गेल्या, त्यामुळे धड आणि मूळ भागांसह टिकलेली साबही सहज मिळत नाही. उलट साध्या २००२ला रुंद कमानी आणि पट्टे लावून तिची ‘टर्बो’ करता येते. म्हणून चासी क्रमांक आणि कागदपत्रं जुळल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

गैरसमज : टर्बो इंजिन लवकर खलास होतं.
वस्तुस्थिती : टर्बोचा जीव तेलात असतो. जोरात चालवून लगेच इंजिन बंद केलं, तर तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल जळून काजळी धरते. थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवावं, तेल वेळेवर बदलावं; टर्बो वर्षानुवर्षं साथ देतो.

दाब वाढवून जास्त अश्वशक्ती काढण्याचा मोह मात्र आवरावा. बीएमडब्ल्यूची उशिरा येणारी झेप आणि साबचा समंजस जोर, हाच या गाड्यांचा इतिहास आहे. तो जपला, तरच संग्रहाला अर्थ.