विश्लेषण : संकेतस्थळ उघडताच मोबाइलचा बॅलन्स का कापला जातो?

टॉपअप केला, गाण्याच्या किंवा गेमच्या जाहिरातीवर बोट पडले आणि थोड्याच वेळात बॅलन्स कमी झाला. ना ओटीपी आला, ना पिन विचारला, ना बँक खाते जोडलेले. मग पैसे गेले कसे? भामरागड, एटापल्ली, जिवतीसारख्या तालुक्यांतील अनेक घरांत इंटरनेट म्हणजे केवळ मोबाइल डेटा. शिवाय एकच फोन घरभर फिरतो. तिथे हे समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

संकेतस्थळाला तुमचा नंबर कसा कळतो?

मोबाइल डेटावरील प्रत्येक विनंती आधी मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून जाते. ती कोणत्या सिमवरून आली, हे कंपनीला माहीत असते. करार असलेल्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या विनंतीला कंपनी ग्राहकाचा नंबर किंवा त्याऐवजी एखादा सांकेतिक क्रमांक जोडू शकते. याला ‘हेडर एनरिचमेंट’ म्हणतात. वायफायवर ही ओळख मिळत नाही. त्यामुळेच एखादे पान ‘वायफाय बंद करा’ असे सांगत असेल, तर सावध व्हावे.

ही ओळख केवळ बिलासाठीच वापरली जाते असे नाही. अमेरिकेत व्हेरायझन कंपनी ग्राहकांच्या विनंत्यांना असाच क्रमांक जोडत होती. ‘सुपरकुकी’ म्हणून गाजलेले ते प्रकरण कंपनीने मार्च २०१६ मध्ये १३.५ लाख डॉलर भरून मिटवले.

पैसे नेमके कोण कापते?

संकेतस्थळ नव्हे, मोबाइल कंपनी. संकेतस्थळ सेवेची मागणी नोंदवते, कंपनी मुख्य बॅलन्समधून किंवा पोस्टपेड बिलात रक्कम वसूल करते आणि नंतर दोघे ती वाटून घेतात. म्हणजे या व्यवहारात तुमचे सिम हेच पाकीट आणि स्क्रीनवरचा स्पर्श हीच सही. अमर्याद पॅकची रक्कम वेगळी असते. कात्री लागते ती मुख्य बॅलन्सला.

नियम काय सांगतात?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) जुलै २०१३ च्या निर्देशानुसार अशा मूल्यवर्धित सेवेसाठी ग्राहकाची दुहेरी संमती आवश्यक आहे. दुसरी संमती सेवा विकणाऱ्याच्या नव्हे, तर त्रयस्थ यंत्रणेच्या पानावर घ्यावी लागते. सेवेचे नाव, शुल्क आणि मुदत ग्राहकाला कळायला हवी. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक आहे.

पैसे कापले गेल्यास काय करावे?

सेवा सुरू झाल्याचा एसएमएस पुसू नका. त्यात सेवेचे नाव आणि शुल्क असते. १५५२२३ वर लगेच सेवा बंद करा, अन्यथा मुदत संपताच ती पुन्हा वसुली करू शकते. मग १९८ वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. हिशेब हवा असल्यास २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशील मागता येतो. त्याचे शुल्क ५० रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही.

मग अडचण कुठे उरते?

संमतीच्या भाषेत. पान इंग्रजीत असेल आणि फोन लहान मुलाच्या हातात असेल, तर दोनदा ‘ओके’ दाबले जाणे अवघड नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय ठेवला आहे. त्या यादीत मराठी आहे. गडचिरोलीच्या जंगलात बोलली जाणारी गोंडी आणि माडिया नाही. तोवर घरातल्या वाचता येणाऱ्याने एवढे तरी सर्वांना सांगून ठेवावे : पानावर रक्कम आणि ‘दिवस’ असे काही दिसले, तर ‘ओके’ दाबायचे नाही, मागे यायचे.