ताप उतरला, पण पाय गार का पडला?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात सोयाबीनची काढणी आणि तापाची साथ बहुधा एकाच सुमारास येते. अशा दिवसांतले एक चित्र डोळ्यांसमोर आणा. पन्नाशी ओलांडलेला शेतकरी आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळला होता. ताप उतरला, तोंडाला चव आली आणि त्याच रात्री अचानक उजव्या पोटरीत जीवघेणी कळ आली. घरच्यांना वाटले, अशक्तपणामुळे गोळे आले असतील. तेल कोमट करून मालिश झाली, विटेने शेक दिला. सकाळी पाऊल पांढरेफटक आणि बर्फासारखे गार पडले होते, बोटे हलत नव्हती. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दहा तास उलटले होते.

हे चित्र काल्पनिक आहे, मात्र त्यातला आजार खरा आहे. हातापायाला रक्त पुरवणारी धमनी एकाएकी बंद होणे ही हृदयविकाराच्या झटक्याइतकीच तातडीची अवस्था असते. फरक इतकाच की छातीत दुखले तर घर जागे होते आणि पाय दुखला तर तेलाची बाटली शोधली जाते.

विषाणू आणि गुठळी

कोविडच्या साथीने ही गुंतागुंत ठळकपणे समोर आणली. 2020च्या सुरुवातीला इटलीतल्या लोम्बार्डी भागात साथ भडकली, तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांनी कोविड झालेल्या अशा 20 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हातापायाचा रक्तपुरवठा त्यांच्यात अचानक तुटला होता. त्यांपैकी 17 जणांवर रक्तप्रवाह पुन्हा सुरू करण्याचे उपचार झाले, ते 12 जणांमध्येच यशस्वी ठरले. एरवीच्या मानाने हे यश कमी होते, कारण या रुग्णांच्या रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीच वाढलेली होती. 20 पैकी 8 जण दगावले.

असे का होते, याचा पाया जर्मन वैद्यक रुडॉल्फ विरशॉ यांनी एकोणिसाव्या शतकातच घातला होता. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा, रक्ताचा मंदावलेला प्रवाह आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली ओढ ही गुठळी होण्याची तीन कारणे मानली जातात. तीव्र विषाणूसंसर्गात तिन्ही एकत्र येऊ शकतात. शरीरात उठलेल्या दाहामुळे एरवी गुळगुळीत असलेले अस्तर खरखरीत होते, प्लेटलेट पेशी चिकट होतात, गोठण्यास मदत करणारी प्रथिने वाढतात. त्यात माणूस अंथरुणाला खिळलेला असतो आणि पाणीही कमी पितो.

हा धोका फक्त कोविडपुरता नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत इन्फ्लूएन्झाचे निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. तिथे बंद होते ती हृदयाची धमनी. पायाच्या धमनीत गुठळी अडकली तर पाय धोक्यात येतो.

ताप आलेल्या बहुतेकांना असे काही होत नाही. जोखीम अधिक असते ती मधुमेही, उच्च रक्तदाब असलेले, तंबाखू-विडी ओढणारे, हृदयाचे ठोके अनियमित असलेले आणि आधीपासून चालताना पोटऱ्या भरून येणारे यांना. मात्र कोविडमध्ये असा कोणताही आजार नसलेल्यांतही गुठळ्या दिसल्या आहेत.

घरी काय पाहावे?

दुसऱ्या लाटेत ‘डी-डायमर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. पण त्या तपासणीच्या आकड्यावरून पायाची धमनी बंद आहे की नाही, हे ठरत नाही. त्यासाठी आधी पाऊल पाहावे लागते.

अचानक तीव्र वेदना, फिकटपणा, गारवा, मुंग्या किंवा बधिरता, हालचाल मंदावणे आणि नाडी न लागणे ही सहा लक्षणे लक्षात ठेवावीत. सगळी दिसण्याची वाट पाहू नये. बधिरता आणि बोटे न हलणे याचा अर्थ उशीर होत चालला आहे. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या रुग्णाला वेदना जाणवणारही नाही, म्हणून त्याचे पाऊल हाताने चाचपून पाहावे.

दोन्ही पावलांची तुलना करावी. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधल्या रेषेत पावलाच्या वरच्या बाजूस दोन बोटे हलकेच टेकवली की नाडी लागते. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या मागे असते. काही निरोगी माणसांत वरची नाडी जन्मतःच लागत नाही. म्हणून दोन्ही जागा तपासाव्यात. पाय सुजून गरम झाला असेल तर दोष बहुधा निळ्या शिरेत असतो. तोही गंभीरच, पण आजार वेगळा.

काय करू नये?

मालिश करू नये. शेक देऊ नये; बधिर, रक्तहीन कातडी चटकन भाजते. पाय उशीवर उंच ठेवू नये, त्याने उरलासुरला प्रवाहही घटतो. पाय सैल कापडात गुंडाळून अंथरुणाच्या पातळीत ठेवावा. ‘रक्त पातळ करायला’ म्हणून मनाने अ‍ॅस्पिरिन तर मुळीच घेऊ नये. ताप डेंग्यूचा असेल तर प्लेटलेट घटलेल्या असतात आणि ही गोळी रक्तस्रावाला निमंत्रण देते.

तासांचा हिशेब

रक्त पूर्ण तुटले तर साधारण सहा तासांनंतर स्नायू आणि नसांची हानी भरून न येणारी होऊ लागते. फार उशिरा प्रवाह सुरू केला तर मेलेल्या स्नायूंतली द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंड आणि हृदयावर घाला घालतात. अशा वेळी जीव वाचवण्यासाठी पाय काढावा लागतो.

उपचार मात्र आहेत. रक्तस्रावाचा धोका नसेल तर डॉक्टर लगेच हेपॅरिन सुरू करतात, त्यामुळे गुठळी आणखी वाढत नाही. डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफीने अडथळ्याची जागा कळते. मग टोकाला इवलासा फुगा असलेली नळी धमनीत सरकवून गुठळी ओढून काढतात. अमेरिकी शल्यचिकित्सक थॉमस फोगार्टी यांनी 1960च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आजही वापरात आहे.

वाशीसारख्या ठिकाणी खरी अडचण अंतराची आहे. रुग्ण वाशीहून बार्शी किंवा धाराशिव, तिथून सोलापूर किंवा लातूर असा टप्प्याटप्प्याने फिरतो आणि प्रत्येक टप्प्यावर तास-दोन तास जातात. म्हणून पहिल्याच डॉक्टरांनी नाडी तपासून वेळ लिहावी, हेपॅरिनचा निर्णय घ्यावा आणि धमनीची शस्त्रक्रिया जिथे होते तिथे आधी फोन करून रुग्णाला थेट रवाना करावे. नातेवाइकांनी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि कळ नेमकी किती वाजता सुरू झाली, हे सांगावे. खर्चाच्या चिंतेने घरी थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारता येते.

तापाच्या दिवसांत घरात थर्मामीटर फिरतोच. त्यासोबत आजारी माणसाच्या दोन्ही पावलांवरून दिवसातून एकदा हात फिरवावा. एक पाऊल गार लागले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.