हिऱ्याची निर्मलता
दुकानांत हिरा पारखतांना गिऱ्हाईक प्रथम त्याचें पाणी पाहतें. परंतु पाणी निराळें व निर्मलता निराळी. भूगर्भांतील प्रचंड दाबाखालीं हिरा घडत असतां परके कण व सूक्ष्म चिरा त्याच्या पोटांत राहून जातात. जुन्या भारतीय रत्नशास्त्रानें या दोषांस मल, बिंदु, यव, रेखा व काकपद अशीं समर्पक नांवें दिलीं होतीं. अमेरिकेंतील रत्नसंस्थेनें १९५३ सालीं श्रेणी लाविल्या. आज त्या अकरा असून पारख दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगाखालीं होते. 'एफएल' म्हणजे निर्दोष. शेवटच्या 'आय ३' मधील दोष मात्र नुसत्या डोळ्यांसही खुपतो. मधल्या 'व्हीएस' हिऱ्यांतील दोष भिंगावांचून सहसा दिसत नाहीं. अंगठीसाठीं त्याहून अधिक मोजणारा मनुष्य शोभेपेक्षां प्रमाणपत्रच विकत घेतो म्हणावयाचें!

दोष कोठें आहे, हें अवश्य विचारावें. ऐन मध्यावरील काळा ठिपका झांकत नाहीं. कडेचा कोंदणाखालीं लपतो. मात्र कडेपर्यंत पोंचलेली चीर घातक, कारण धक्का तेथेंच बसतो. कित्येकदां अशी चीर कांचेनें भरलेली असते, आणि पुढें दुरुस्तीच्या वेळीं सोनाराच्या आंचेनें ती कांच बिघडून दडलेली चीर उघडी पडते. हिरा असा भरलेला नाहीं, हें पावतीवर लिहून घ्यावें.