जागा क्रमांक १०८

‘हिवतापाचा परजीवी औषधाला दाद देईनासा झाला’ असं वाचलं की वाटतं, या जीवाने काहीतरी मोठी शक्कल लढवली असणार. पायरिमेथामिन या औषधाच्या बाबतीत ती शक्कल एका विकरातल्या एका जागेपुरती होती. तिचा फायदा परजीवीला मिळवून दिला तो मात्र माणसांच्या औषध वापरण्याच्या रीतीने.

गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने १९५०च्या सुमारास हे औषध तयार केलं. १९८८ सालच्या नोबेलचे हे दोघे मानकरी. फाल्सिपेरम जातीचा परजीवी आपल्या लाल रक्तपेशीत शिरला की दोन दिवसांत एकाचे पंधरा-वीस होतात. प्रत्येक नव्या जीवाला स्वतःचा डीएनए लागतो आणि डीएनएच्या घडणीसाठी फोलेटचं एक विशिष्ट रूप लागतं. ते रूप तयार करणारं विकर म्हणजे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, थोडक्यात डीएचएफआर. एसटीच्या सीटवर कुणी आधीच रुमाल टाकून ठेवावा, तसं पायरिमेथामिन या विकरातल्या फोलेटच्या जागेवर जाऊन बसतं. फोलेटला जागा उरत नाही आणि परजीवीची वाढ खुंटते.

हे विकर आपल्याही पेशींत आहे, जिवाणूंतही आहे. संधिवातावर दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट माणसातलं डीएचएफआर अडवतं. सेप्ट्रानच्या गोळीतलं ट्रायमेथोप्रिम जिवाणूंमधलं. माणूस, जिवाणू आणि परजीवी या तिन्हींच्या विकरांच्या आकारात थोडाथोडा फरक आहे आणि त्या फरकावरच औषधांची भिस्त आहे. पण विकराचा आकार थोडा बदलला की औषध हुकतं, ही त्याचीच दुसरी बाजू.

परजीवीच्या डीएचएफआरमध्ये १०८ व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असतं. जनुकातलं ‘एजीसी’ हे त्रिक नक्कल होताना चुकून ‘एएसी’ झालं, की तिथे ॲस्पराजीन येतं. ते थोडं मोठं असतं आणि पायरिमेथामिनच्या टोकाशी असलेल्या क्लोरीनच्या अणूला आडवं येतं. औषधाची पकड ढिली पडते. फोलेटची ठेवण वेगळी असल्याने त्याचं मात्र फारसं अडत नाही. पुढे ५१ आणि ५९ या जागाही बदलल्या की प्रतिकार वाढतो. १६४ वी जागा बदलली की औषध जवळजवळ निरुपयोगी ठरतं. विकराला स्वतःचं काम सोडून चालत नाही, म्हणून हे बदल बहुधा पायरीपायरीने होतात आणि पहिली पायरी बहुतेकदा १०८ चीच असते.

अशा चुका औषधामुळे घडत नाहीत. आजारी माणसाच्या रक्तात अब्जावधी परजीवी असतात, त्यांत एखादा चुकीची नक्कल घेऊन जन्मतोच. औषध बाकीच्यांना मारतं आणि त्या एकाला रान मोकळं करून देतं. पूर्व आफ्रिकेत पायरिमेथामिन सरसकट वाटलं गेलं, तेव्हा १९५४ सालीच त्याला न जुमानणारे परजीवी सापडले होते.

मग त्याच्या जोडीला सल्फाडॉक्सिन आलं. ते डीएचपीएस या दुसऱ्या विकराला अडवतं, जे माणसात नसतंच. ही ‘एसपी’ची जोडी स्वस्त, एकाच मात्रेत संपणारी आणि शरीरात बरेच दिवस टिकणारी. मलावीने १९९३ साली क्लोरोक्विन सोडून एसपी स्वीकारली. इतर आफ्रिकी देशही त्या वाटेने गेले. पण औषध शरीरात टिकतं म्हणजे शेवटच्या दिवसांत ते अपुऱ्या प्रमाणात टिकतं, आणि तेवढ्यात अर्धेमुर्धे बदललेले परजीवी तगून जातात. डीएचपीएसमध्येही बदल साठत गेले. २००४ साली कॅली रोपर आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या डीएचएफआरच्या तिहेरी बदलाच्या (५१, ५९ आणि १०८) जनुकाची वंशावळ तपासली, तेव्हा त्याचं मूळ आग्नेय आशियात निघालं. एका खंडात तयार झालेला प्रतिकार दुसऱ्या खंडातल्या मुलांच्या रक्तात पोहोचला होता.

आपल्याकडची गोष्ट याहून वेगळी नाही. एसपीचा प्रभाव ओसरल्याने २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणात ईशान्य भारतासाठी आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही वेगळी जोडी आली. गडचिरोलीसह उर्वरित देशात फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेट आणि एसपी ठेवण्यात आली. यात एसपी पहिल्याच दिवशी एकदा घ्यायची, आर्टेसुनेट मात्र तीन दिवस. आर्टेसुनेट ताप झपाट्याने उतरवतं आणि गोम इथेच आहे. बरं वाटलं म्हणून रुग्णाने उरलेल्या गोळ्या ठेवून दिल्या, तर उरलेल्या परजीवींशी एसपी एकटीच झुंजते. एकीला दुसरीने सांभाळायचं हा जोडीचा सगळा हेतूच तिथे संपतो.

प्रयोगशाळाही हातावर हात ठेवून बसलेल्या नाहीत. थायलंडमध्ये योंगयुथ युथावोंग यांच्या गटाने २००३ साली या विकराची त्रिमिती रचना उलगडली. त्या आधारे पी२१८ हे संयुग घडवलं गेलं. ते लवचिक आहे, १०८ व्या जागेशी भांडत नाही आणि फोलेट जिथे बसतं त्याच चौकटीत बसतं. त्याला चुकवायचं तर विकराला फोलेटलाही मुकावं लागेल, असा त्यामागचा हिशेब. माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत ते पोहोचलं आहे.

पण नवं औषध येईल तेव्हा येईल. आज हाताशी असलेली औषधं टिकवायची तर ताप आल्यावर अंदाजाने गोळी न घेता आधी रक्त तपासून घ्या, आणि हिवताप निघाला तर ताप उतरला तरी शेवटची गोळी घेतल्याशिवाय पाकीट बाजूला ठेवू नका.