ताण सुटला की विमान गेले

नागपूरच्या कळमन्यात कंट्रोल लाइन विमान, म्हणजे हातातल्या तारांनी चालवायचे छोटे विमान, उडवायचे तर मैदान शोधताना आधी वर पाहावे. बाजार समितीच्या या परिसरातून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग जातो आणि त्यावरच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. विमानाच्या तारा पोलादी, त्यांचे दुसरे टोक आपल्या मुठीत. म्हणून विजेच्या तारांपासून चांगले लांब, निदान ५० मीटर व्यासाचे मोकळे मैदान हवे.

या विमानात रेडिओ लागत नाही. हँडलपासून निघालेल्या दोन तारा पंखातल्या बेलक्रँक या तिकोनी पट्टीला जोडलेल्या असतात. मनगट वर वळवले की पट्टी फिरते, तिची सळई शेपटीतला एलिव्हेटर उचलते आणि विमान चढते. अमेरिकेत जिम वॉकर यांच्या १९४० च्या ‘फायरबॉल’मुळे ही पद्धत लोकप्रिय झाली.

सगळा खेळ तारांच्या ताणाचा. एक किलोचे विमान १८ मीटरच्या तारांवर ५ सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर त्याचा वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर होतो आणि हाताला जवळजवळ तीन किलोची ओढ बसते. वेग निम्मा झाला की ओढ चौथाईवर येते. विमान बरोबर डोक्यावर असताना त्याचे वजन या ओढीतून वजा होते. तार ढिली पडली की मनगट कितीही वळवा, एलिव्हेटर हलत नाही.

म्हणूनच विमान मुद्दाम थोडे ‘वाकडे’ बांधतात. इंजिन आणि रडर किंचित बाहेरच्या बाजूला वळवतात, बाहेरच्या पंखाच्या टोकाला वजन लावतात. तारा पंखातून बाहेर पडतात ती जागा गुरुत्वमध्याच्या जरा मागे ठेवतात. विमान सतत वर्तुळाबाहेर पळू पाहते, आणि तेच आपल्याला हवे असते.

नागपूरचा उन्हाळाही हिशेबात धरावा लागतो. छोट्या डिझेल इंजिनांच्या इंधनात रॉकेल, एरंडेल आणि ईथर असते. ईथर ३५ अंशांच्या आसपासच उकळते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. शिवाय १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे दहा टक्के विरळ. म्हणून हिवाळ्यातली शांत सकाळ सर्वांत चांगली.

एनसीसीच्या एअर विंगमधल्या कॅडेटना एरोमॉडेलिंग शिकवतात आणि वायुसैनिक शिबिरात कंट्रोल लाइनची स्पर्धाही असते. जागतिक स्पर्धांच्या एफ-२-डी प्रकारात दोन विमाने एकाच वर्तुळात झुंजतात आणि एकमेकांची कागदी शेपटी कापतात. संक्रांतीला पतंग कापून गच्चीवरून ‘ओ काट’ ओरडणाऱ्या नागपूरकराला हा डाव समजावून सांगावा लागणार नाही. ड्रोनच्या काळातही मुलांच्या हाती आधी हे विमान द्यावे, असे मला मनापासून वाटते. वर्तुळाकार गतीतले बल इथे सूत्रात शोधावे लागत नाही, ते मनगटाला ओढते.

उडवण्याआधी तारा जोराने ओढून पाहाव्यात. हँडल वर वळवल्यावर एलिव्हेटर वरच जातो ना, हे दर वेळी तपासावे; तारा उलट जोडल्या असतील तर विमान उठताच नाक जमिनीत घालते. वारा शेपटीकडून येईल अशा जागेवरून विमान सोडावे, म्हणजे वेग घेता घेता ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाते आणि तारा ताठ राहतात. तरीही ओढ कमी झालीच, तर हँडल छातीशी घेत लगेच दोन पावले मागे सरावे.